दोन उन्हाळे बघितलेलं लाकूड

माघातली पहाट, साडेतीन-पावणेचार वाजले असतील, आणि न्हाणीच्या पत्र्यावर टपटप वाजायला लागलं. आधी वाटलं माडावरून दव गळतंय, थंडीत आमच्याकडे दव एवढं पडतं की पहाटे झावळ्यांखाली उभं राहिलं तर डोकं भिजतं. पण मग मातीचा वास आला आणि मी ताडकन उठून बसले, कारण मागच्या अंगणात फाटी, म्हणजे जळणाची लाकडं, उघडी होती, त्यातली काही तर आठ दिवसांपूर्वीच फोडून रचलेली, सगळी पुढची बेगमी. नवरा आणि मी टॉर्च घेऊन धावलो, माळ्यावरची निळी ताडपत्री ओढून आणली, तिन्ही रांगांवर टाकली, चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत खेचली आणि कडेनं चिरे ठेवून दाबून टाकली. पाऊस वीस मिनिटं पडला असेल नसेल. सात वाजता लख्ख ऊन, दहा वाजता अंगाची लाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत दोन गोधड्या.

ती ताडपत्री मी त्यानंतर तीन आठवडे काढली नाही. त्याचं काय झालं ते सांगायलाच आज बसलेय, पण आधी आमच्याकडच्या थंडीबद्दल थोडं सांगते, कारण ज्यांनी कोकण फक्त मे महिन्यात नाहीतर गणपतीत बघितलंय त्यांना खरंच वाटतं की इथे कसली आलीये थंडी.

आमचं घर दापोली आणि हर्णैच्या मधे, उतारावर. वर पठारावर दापोली, जिथे कृषी विद्यापीठ आहे, तिथे पारा १० च्या खाली गेलेला आहे, आणि खाली पंधरा-सोळा किलोमीटरवर हर्णै बंदरात त्याच पहाटे शर्टावर माणसं मासळीच्या लिलावाला उभी असतात. एकाच तालुक्यात दोन हवा. आम्ही मधे, त्यामुळे आम्हाला दोन्ही मिळतात. रात्री डोंगराकडून मतलई सुटते, सुकी, बोचरी, दाराच्या फटीतून पायाला लागते, आणि दुपारी बाराच्या सुमाराला वारा फिरतो, समुद्राकडून खारा वारा येतो आणि घामाच्या धारा. एकाच दिवसात स्वेटर पण आणि पंखा पण. होळी जळाली थंडी पळाली असं आपण म्हणत आलोय, पण आता थंडी कधी संक्रांतीलाच निघून जाते आणि शिमग्यात पालखी नाचत असताना परत येते, मधे दोन दिवस मळभ, मळभाच्या मागून शिंतोडे, मोहोर काळा पडतो, बागायतदारांचे चेहरे उतरतात. २०२५ च्या फेब्रुवारीत तर शेवटच्या आठवड्यात हवामान खात्यानं कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, थंडीच्या महिन्यात, आणि तो फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण निघाला. कलमवाले मोहोरासाठी आभाळाकडे बघतात, मी फाट्यांसाठी बघते, आभाळ तेच.

आता घर गरम करणं म्हणाल तर कोकणात घर कोणी गरम करत नाही, कधीच केलं नाही. कौलांतून, वाशांतून वारा खेळतो, भिंतीला चिरा, जमीन शेणानं सारवलेली नाहीतर लादी, ते घर उबदार करायचं ठरवलं तर सगळं रान जाळावं लागेल. आमच्याकडे गरम करतात ते माणसाला. सकाळी न्हाणीत कडकडीत पाणी, चुलीपुढे बसून चहा, संध्याकाळी अंगणात पालापाचोळ्याची शेकोटी आणि म्हाताऱ्या माणसाच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी. आमच्या घरात पाच माणसं, त्यात आजी, म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, नव्वदी ओलांडलेल्या. गॅस आहे, गीझर पण आहे, वीज असली की चालतो. पण आंघोळीचं पाणी चुलाणावरच तापतं, आणि मुसळधार पावसात चार चार दिवस वीज नसते तेव्हा सगळंच चुलीवर. दिवसाला सात-आठ किलो फाटी जातात, मी एकदा आठवडाभर रोज तोलून बघितलंय, म्हणजे वर्षाला अडीच-तीन टन. हे ऐकून शहरातली माणसं दचकतात पण गावात कोणालाही विचारा, असाच हिशोब निघेल.

आमचं चुलाण जांभ्या चिऱ्याचं, वर तांब्याचा हंडा, तळ काळा कुळकुळीत. पहाटे पेटवायची पद्धत मला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवली. आधी सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, तूस पिंजून घ्यायचा, त्यावर पोयीचा, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरच्या आवरणाचा, सुका तुकडा, त्यावर दोन करवंट्या उपड्या, मग बोटाएवढ्या काटक्या, आणि करवंटीनं धरलं की मगच किंजळाच्या दोन ढलप्या, त्या पण अंतर ठेवून, कारण दोन लाकडांच्या मधल्या जागेतच जाळ उभा राहतो. एकच लाकूड चुलाणात ठेवून बघा, कितीही फुंकणी मारा, धुमसत बसेल. दुसरं शेजारी सरकवलं की दोघं एकमेकांना तापवतात आणि जाळ वर चढतो. करवंटी जळताना जो तुपकट वास येतो ना, तो मला फार आवडतो, माझ्यासाठी थंडी म्हणजे तो वास.

पण हे सगळं केव्हा, तर लाकूड सुकं असेल तेव्हा.

आजींचं एक वाक्य आहे, लाकडानं दोन उन्हाळे बघितलेले पाहिजेत. मला सुरुवातीला वाटायचं की म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, एका उन्हाळ्यात पापड सुकतात, आमसुलं सुकतात, मग लाकूड का नाही सुकणार. म्हणून मी एक प्रयोग केला. किंजळाचा एक ताजा फोडलेला तुकडा घेतला, हातभर लांब, लाल रंगाचा ठिपका दिला आणि मासळी तोलायच्या काट्याला टांगला. माघात दोन किलो नऊशे ग्रॅम. मे महिन्याच्या शेवटी दोन किलो शंभर. मला वाटलं झालं, सुकला. पावसाळाभर तो पडवीत होता, एक थेंब अंगावर पडला नाही, आणि गणपतीत तोलला तर दोन किलो दोनशे, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या त्या दमट हवेतूनच शंभर ग्रॅम पाणी परत प्यायला. दुसऱ्या वर्षीच्या मे अखेरीस एक किलो आठशे, आणि त्याच्या खाली मग उतरेना. म्हणजे एका तुकड्यात एक किलो शंभर ग्रॅम नुसतं पाणी, लिटरभराहून जास्त, आणि ते जायला दोन उन्हाळेच लागले.

आता हे लिटरभर पाणी काय करतं ते बघा. लाकडातलं पाणी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही, आणि ती वाफ करायला उष्णता लागते ती त्याच जाळातून. नवऱ्यानं एकदा हिशोब मांडून दाखवला, एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात साधारण तीस लिटर पाणी गार असतं त्यापासून आंघोळीजोगं गरम होतं. तीस लिटर! म्हणजे आजींची आणि माझ्या लेकीची आंघोळ, दोघींची, त्या एका ओल्या ओंडक्याच्या पोटातलं पाणी उडवण्यात जाते. आणि उघड्या चुलीत तशीही दहातली नऊ हिस्से उष्णता इकडेतिकडे जाते, हंड्याला जेमतेम एक हिस्सा लागतो, मग त्यातून अजून कापून घेतल्यावर राहतं काय, तर धूर. ओलं लाकूड थंड जळतं, अर्धवट जळतं, सगळं न्हाणीघर डोळ्यांत येतं.

हे मला कळूनही दोन वर्षांपूर्वी आम्ही उघडे पडलो. त्या वर्षी थंडी लांबली, आजींना दोनदा ताप येऊन गेला, चुलाण जास्त पेटलं आणि माघ संपायच्या आधीच पडवीतली सुकी रांग संपली. मग एका टेम्पोवाल्याकडून लाकूड घेतलं, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सगळे अकेशियाच म्हणतात तिला, सुकं आहे म्हणून सांगितलं, वरची साल सुकी होती पण. घरी आल्यावर दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघितले तर थपकन वाजले. सुकं लाकूड टणकन वाजतं, आणि त्याच्या तोंडाला मधून कडेकडे भेगा गेलेल्या असतात, सूर्य काढल्यासारख्या. यांच्या तोंडाला एक भेग नाही. महिनाभर आईंनी त्या लाकडावर पाणी तापवलं आणि शिमग्यापर्यंत त्यांचा खोकला गेला नाही. मला त्या खोकल्याचं अजून वाईट वाटतं, कारण टेम्पो उतरवून घ्यायच्या आधी दोन तुकडे वाजवून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

त्यानंतर ठरवलं की विकत घ्यायचं नाही, आणि कायम दोन वर्षांची फाटी पुढे ठेवायची. एक रांग यंदा जाळायची, एक सुकत असलेली, एक ताजी फोडलेली. म्हणून त्या पहाटे अंगणात तीन रांगा होत्या.

तर ताडपत्री. तीन आठवडे ती तशीच राहिली कारण रोज मोबाईलवर ढगाचं चित्र दिसायचं, आज पडेल, उद्या पडेल, आणि खाली कोरडं राहतंय म्हटल्यावर कशाला काढा. दुपारी ऊन इतकं की ताडपत्रीला हात लावला तर चटका. मग एके दिवशी मधल्या रांगेतली फाटी बघायला गेले, कड उचलली, आणि आतून जी वाफ अंगावर आली ती भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येते तशी, फक्त वास कुबट. ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं थेंब लोंबत होते. ताज्या किंजळावर पांढरी बुरशी, कापसासारखी, आणि सुकत आलेल्या जांभळावर पण हिरवट डाग. बाहेरचं पाणी वीस मिनिटांचं होतं, ते तर वरवर लागलं असतं आणि दुपारच्या उन्हात उडून गेलं असतं. आतलं पाणी मात्र दिवसा उन्हानं लाकडातून बाहेर यायचं, प्लास्टिकला लागायचं, पहाटेच्या गारव्यात थेंब होऊन परत लाकडावर पडायचं. तीन आठवडे मी माझ्याच फाट्यांना रोज पाणी घालत होते.

शेजारचे काका, जे आमची लाकडं फोडून देतात, त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, पावसात भिजलेलं लाकूड वेगळं आणि ओलं लाकूड वेगळं. भिजलेल्याची काळजी नको, ओल्याला वारा पाहिजे." आणि त्यांनी माझ्यासमोर ती रांग पूर्ण मोडली आणि परत रचली, अर्धा दिवस गेला, आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं की ते प्रत्येक फाटं कुठे ठेवतायत.

खाली आधी पोफळीचे दोन जुने सोट आडवे टाकले, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे वाळवी लागत नाही आणि खालून वारा जातो. रांग दक्षिणोत्तर घेतली. मी विचारलं असं का, तर पहाटे मतलई पूर्वेकडून येते आणि दुपारी खारा वारा पश्चिमेकडून, फाटी पूर्व-पश्चिम आडवी झोपलेली असली की दोन्ही वारे त्यांच्या मधल्या फटींतून आरपार जातात, दिवसातून दोनदा. हे मी कुठे वाचलेलं नाही, पण इतकं बरोबर आहे! दोन्ही टोकांना फाटी एकावर एक आडवी-उभी रचून खांब केले, मधे मोकळी. सालीची बाजू वर, कारण साल म्हणजे लाकडाचं कौलच, पाणी ओघळून जातं. आणि वर फक्त नारळाचे विणलेले झाप, दोन पदरी, दोन्हीकडे हातभर बाहेर आलेले, बाजू उघड्या. झापांवरून पाणी गळून जातं, वाफ वर निघून जाते, आणि झाप कुजला की तोच चुलीत. ताडपत्री परत माळ्यावर गेली.

बुरशी आलेली फाटी आठ-दहा दिवसांत उन्हानं पांढरी पडली, वजन मात्र असायला हवं होतं त्याहून जास्त भरलं. त्यांना आता अजून एक उन्हाळा द्यावा लागणार.

फाटी काढताना एक सांगून ठेवते, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं, हा विषारी साप, भरपूर, आणि त्याला अशीच कोरडी उबदार फट आवडते. फाटं कधीही सरळ हात घालून ओढायचं नाही, आधी काठीनं रांगेवर दोन-तीनदा मारायचं, थांबायचं, मग वरून काढत यायचं. विंचू तर दर आठवड्याला निघतो. लेकीला संध्याकाळनंतर फाटी आणायला मी पाठवत नाही.

कुठलं लाकूड चांगलं यावर आमच्या वाडीत मतं पुष्कळ. ऐन आणि किंजळ यांना तोड नाही, जड, सावकाश जळतात, निखारा टिकतो. जांभूळ पण चांगलं. आंब्याचं मध्यम, फणसाचं मला आवडतं कारण फोडायला सोपं. सुरू जबरदस्त, ते तर अर्धवट ओलं असलं तरी पेटतं, समुद्रकाठच्या लोकांना विचारा. सावर, पांगारा, शेवगा यांचा भुरकन जाळ होतो आणि मागे काही राहत नाही, पेटवणाला ठीक. उंबर, वड, पिंपळ आम्ही चुलीत घालत नाही. आणि काजूची टरफलं घरातल्या चुलीत घालू नका, कोणी फुकट दिली तरी, त्यातलं तेल जळताना जो काळा धूर येतो तो घशाला आणि डोळ्यांना भयंकर झोंबतो.

हे लाकूड आमच्याकडे आलं कुठून तर त्याची पण गोष्ट आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्याची काय अवस्था झाली ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. आमचा दारातला फणस आणि दोन रायवळ आंबे मुळासकट आडवे झाले, मांगरावरची सगळी कौलं गेली, बागेतली पोफळ काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडून पडली. वीज यायला कित्येक दिवस लागले. त्या जून महिन्यात पडलेल्या झाडांच्या ओल्या फांद्यांवर आम्ही जेवण केलं आणि धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. तीच लाकडं नंतर कापून, फोडून, रचून ठेवली, कारण टाकायची कुठे, आणि २०२२ च्या थंडीत तोच फणस चुलाणात घातला तर पिवळाधमक जाळ, धुराची एक रेघ नाही. सासरे तेव्हा होते. चुलाणापुढे बसून म्हणाले, हा फणस माझ्या आजोबांनी लावलेला, चार पिढ्यांना गरे घातले त्यानं, आता पाणी तापवतोय. आम्ही कोणी काही बोललो नाही.

वादळात आजींची खोली पण गेली होती. ती परत बांधताना आम्ही कौलं नाही घातली, परत उडायला नकोत म्हणून स्लॅब टाकला, सरकत्या काचेच्या खिडक्या, दाराला रबरी पट्टी. आजींना छान वाटलं, वारा लागत नाही म्हणून. आणि पहिल्याच थंडीत, जशी जुन्या खोलीत ठेवायचो तशीच, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवली, खिडक्या बंद, दार लोटलेलं. पहाटे पाच वाजता आईंना आजींची हाक ऐकू आली, अगदी बारीक. आजींचं डोकं प्रचंड दुखत होतं, उलटीसारखं होत होतं आणि उठून बसायला गेल्या तर तोल जात होता. आईंनी आधी दार उघडलं आणि त्यांना उचलून पडवीत आणलं, काही माहीत नसताना नेमकं बरोबर केलं त्यांनी. डॉक्टरांनी विचारलं, खोलीत शेगडी होती का?

कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. आणि धूर नसलेला लालबुंद निखारा, ज्याला आपण एकदम स्वच्छ समजतो, त्यातूनच तो सगळ्यात जास्त निघतो. रक्तात जिथे ऑक्सिजन बसायचा तिथे हा जाऊन बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरून बसतो. जुन्या खोलीत पन्नास वर्षं तीच शेगडी चालली कारण कौलांच्या फटींतून हवा येत-जात होती. आम्ही घर बदललं आणि सवय बदलली नाही. आजी दोन दिवसांत बऱ्या झाल्या, पण ती पहाट आठवली की माझ्या पोटात अजून गोळा येतो, म्हणून हे मी ज्याला त्याला सांगत सुटते आणि इथेही लिहितेय. वादळानंतर आपल्या पट्ट्यात कितीतरी घरांवर स्लॅब आलेत. स्लॅबच्या बंद खोलीत शेगडी नको, झोपताना तर नकोच नको, खिडकी थोडी उघडी ठेवली आहे म्हणून पण नको.

आता आजींसाठी वेगळं करतो. संध्याकाळी चुलाणात एक मोठा किंजळाचा तुकडा घालतो, रात्री नऊपर्यंत हंडा वाफाळता असतो. त्यातलं पाणी दोन रबरी पिशव्यांत भरून, टॉवेलात गुंडाळून, एक पायाशी आणि एक पाठीशी. शिवाय चुलाणाच्या कडेला जांभ्याचा एक सपाट चिरा दिवसभर ठेवलेला असतो, तो गोणपाटात बांधून खाटेखाली. चिरा पहाटे तीनपर्यंत कोमट राहतो. आजींना आधी पटलं नाही, शेगडीचा लाल उजेड दिसत नाही म्हणून त्यांना थंडी वाजायची, मग आईंनी खोलीत छोटा लाल दिवा लावला. आता झोपतात.

लाकूड तोडण्याबद्दलही बोलायला पाहिजे. आम्ही उभं झाड फाट्यांसाठी पाडत नाही. वादळात पडलेलं, वाळलेलं, कलमांच्या छाटणीचं, भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळं म्हणजे पानांच्या फांद्या तोडतात त्यातल्या जाड काटक्या, माडाची झावळं, एवढ्यात भागतं. ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि तरीही थंडी सुरू झाली की लाकडांनी गच्च भरलेले ट्रक घाट चढताना दिसतात, रात्रीचे. चुलीला लागतं तेवढं रान देतंच आणि परत भरून येतं. ट्रकाला लागतं तेवढं ते देऊ शकत नाही. आमच्या मागचा डोंगर मी लग्न होऊन आले तेव्हा ऐन-किंजळानं काळा दिसायचा, आता गवत दिसतं. आणि गवत म्हटलं की फाल्गुनात वणवा, एक काडी कोणी टाकली की कलमं, काजू, कोणाच्या वर्षभराच्या फाट्यांची रांग, गुरांचा पेंढा, सगळं एका दुपारी जातं. म्हणून रांगांच्या भोवती आम्ही दहा-बारा फूट जागा माघातच खरवडून साफ करतो.

यंदाचं सांगायचं तर जाळायची जुनी रांग अजून छातीएवढी आहे, शिमगा पार पडून वैशाखापर्यंत पुरेल. मधली, बुरशी लागलेली, तिला पावसाळ्यात पडवीत घेणार पण जाळायला काढणार नाही. पावसाळ्याला काय, तर काकांनी त्यांच्याकडचा दोन वर्षं सुकलेला ऐन द्यायचं कबूल केलंय, आमच्या छाटणीच्या ओल्या लाकडाच्या बदल्यात, किलोला किलो नाही हं, आम्ही दीडपट देणार, कारण त्यातलं पाणी ते कशाला घेतील.

आज सकाळपासून परत मळभ आहे. मोहोर यंदा चांगला धरलाय आणि वाडीत सगळे आभाळाकडे बघतायत. मी मागे जाऊन आले, झाप दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आहेत, बाजू उघड्या आहेत, मतलई अजून थोडी वाहतेय. लाल ठिपक्याचा एक नवीन तुकडा तिसऱ्या रांगेत वर ठेवलाय, ऐनाचा, तीन किलो चारशे.